खरा लाजवर्द, घडवलेला लाजवर्द

१९२२ साली हॉवर्ड कार्टर यांनी शोधलेल्या थडग्यातील तुतनखामेन राजाचा सुवर्ण मुखवटा आपण सर्वांनी चित्रात पाहिला आहे. सुमारे दहा किलो वजनाच्या त्या मुखवट्यावरील भुवया लाजवर्द या मौल्यवान निळ्या दगडाच्या आहेत. शिरोवस्त्रावरील गडद निळे पट्टे मात्र काचेचे आहेत. ज्या राजाला सोन्याची वाण नव्हती, त्याच्या मस्तकावर काच कशी, असा प्रश्न व्यापारी मनाला पडणे स्वाभाविक आहे.

त्या काळी काच हलकी मानली जात नसे. लाजवर्द दूर बदख्शानच्या खाणींतून येई. काचेची कला इजिप्तमध्ये इ. स. पू. १५००च्या सुमारास रुजली. गारगोटीची पूड आणि वनस्पतींची क्षारयुक्त राख भट्टीत वितळवीत. तांब्याने तिला फिरोजी रंग येई, कोबाल्टने गडद निळा. हे कसब मोजक्यांनाच अवगत असल्याने काच राजदरबाराचीच वस्तू राहिली. अमर्ना येथे सापडलेल्या मृत्तिका-पत्रांपैकी एकात अश्कलोनचा अधिपती यिद्या, आज्ञेनुसार काचेचे ३० नग पाठवीत असल्याचे फॅरोला कळवतो. तुर्कस्तानच्या उलुबुरून किनाऱ्याजवळ त्याच शतकाच्या अखेरीस बुडालेल्या जहाजात काचेच्या सुमारे १७५ लगडी मिळाल्या.

तथापि मला सर्वाधिक मोल वाटते ते तेथील नोंदींचे. लाजवर्दाला इजिप्तमध्ये ‘खेस्बेज’ म्हणत. खाणीतल्या दगडाला ‘खरा’ आणि भट्टीतून निघालेल्या निळ्या मालाला ‘घडवलेला’ असे विशेषण जोडीत. दोन्हींना मान होता. पण नावे वेगळी होती.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील एक ‘प्रतिरूपक-व्यवहार’, म्हणजे हलका किंवा बनावट माल अस्सल म्हणून खपवणे. काच विकणे हा दोष नव्हे. काचेला रत्न म्हणणे हा दोष होय.

आज प्रयोगशाळेत घडवलेले हिरे आपल्या पेढ्यांवर आले आहेत. रासायनिकदृष्ट्या तेही हिरेच आहेत. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, भावात मात्र मोठा फरक आहे. लेकीच्या लग्नासाठी आयुष्याची बचत घेऊन आलेल्या ग्राहकाला आधार असतो तो पावतीवरील एका शब्दाचा. तो शब्द त्याने विचारण्यापूर्वीच, ठळक अक्षरांत लिहिला जावा.