वहीतला नफा आणि पदरातला नफा

शंभर रुपयांना भरलेला माल एकशेवीसला विकला, की वहीत वीस रुपये नफा दिसतो. परंतु तोच माल पुन्हा भरताना घाऊक भाव एकशेपंधरा झाला असेल, तर व्यापाऱ्याच्या पदरात खरे पाचच रुपये पडतात. पेढीवर बसणारा प्रत्येक जण हा हिशेब तोंडी करतो. शेअर बाजारातील गुंतवणूक पाहताना मात्र वहीतल्या वीस रुपयांवरच बहुतेकांचे समाधान होते.

छोट्या कंपन्यांच्या निर्देशांकाबाबत ही चूक विशेष महाग पडते. मुंबई शेअर बाजाराचा स्मॉलकॅप निर्देशांक जानेवारी २००८ मध्ये १४,००० च्या घरात होता. मार्च २००९ मध्ये तो ३,००० च्या खाली कोसळला आणि जुनी पातळी त्याने ओलांडली ती २०१७ मध्ये. शिखरावर एकरकमी पैसे घालून नऊ वर्षे थांबलेल्यास मुद्दल परत मिळाले, असे वहीवरून वाटेल. याच काळात प्राप्तिकरासाठी वापरला जाणारा खर्च महागाई निर्देशांक १२९ वरून २६४ वर गेला, आणि त्यात तर ग्राहक महागाईतील वाढीचा ७५ टक्के भागच धरला जातो. म्हणजे लाभांशाची अल्प भर धरूनही त्या मुद्दलाची खरेदीशक्ती जेमतेम निम्मी उरली होती.

महागाई छोट्या कंपनीला दोन्ही बाजूंनी कात्रीत धरते. कच्चा माल मोठ्या पुरवठादाराच्या भावाने घ्यावा लागतो. तयार माल मोठ्या ग्राहकाच्या भावाने आणि उधारीवर द्यावा लागतो. विक्री तेवढीच राहिली तरी खेळते भांडवल अधिक लागते आणि ते बँकेकडून येते. त्यातच महागाई रोखण्यासाठी व्याजदर वाढतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला होता. ज्यांच्या मालाला पर्याय नाही, अशाच कंपन्या भाव वाढवून तग धरतात.

याखेरीज कर आहे. एक वर्षानंतर विकलेल्या शेअर वा इक्विटी फंडावरील वार्षिक सव्वा लाखापुढील नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो आणि त्यात महागाईची वजावट मिळत नाही. जी वाढ केवळ रुपयाच्या घसरणीची आहे, तिच्यावरही कर भरावा लागतो.

हिशेबापुरता वार्षिक परतावा १२ टक्के आणि महागाई ६ टक्के धरली, तर एक लाखाचे पंधरा वर्षांत सुमारे साडेपाच लाख होतात. आजच्या भावाने ते करापूर्वी सव्वादोन लाखच. तरीही ही वाढच आहे. सात टक्के व्याजाच्या मुदत ठेवीवर तीस टक्के कर भरल्यावर हाती पाच टक्केही उरत नाहीत. सहा टक्के महागाईत तेथे मुद्दलच झिजते.

म्हणून छोट्या कंपन्यांचा निर्देशांक टाकाऊ ठरत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो. पाच-सात वर्षांत कन्येच्या शिक्षणाला किंवा नव्या दुकानाला लागणारा पैसा तेथे ठेवू नये. उरलेला पैसा मासिक हप्त्यांनी घातल्यास पडत्या भावातही खरेदी होते आणि सारी रक्कम शिखरावर अडकत नाही. दिवाळीच्या वहीपूजनानंतर गुंतवणुकीच्या पानावर आणखी एक रकाना आखावा आणि त्यात कर व महागाई वजा जाता उरलेला आकडा दरवर्षी लिहावा.