सहल मुलाची, सोय कुणाची?

मे २०२५ मध्ये डिस्ने कंपनीने अबुधाबीच्या यास बेटावर आपले सातवे थीम पार्क संकुल उभारण्याची घोषणा केली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा, त्यानंतर टोकियो, पॅरिस, हाँगकाँग आणि शांघाय असा प्रवास करीत मिकी माऊस आता अरबी समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावर येऊन ठेपणार आहे. मुंबईहून हे अंतर विमानाने सुमारे तीन तासांचे. एवढ्या जवळ येताना कंपनीने भारतीय मध्यमवर्गाचा हिशेब केला नसेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ‘मुलाला डिस्नेलँड दाखवायचे’ हे एकेकाळी अमेरिकेत नातेवाईक असलेल्या मोजक्या घरांतले स्वप्न होते. सिंगापूर, हाँगकाँग आणि दुबईच्या सहलींनी ते पुण्या-नाशिकच्या सदनिकांपर्यंत आणले. आता ते आणखी आवाक्यात येईल.

या स्वप्नाच्या केंद्रस्थानी नेहमीच एक लहान मूल असते. जाहिरातीत तेच हसते, तिकिटाच्या खर्चाचे समर्थनही त्याच्याच नावाने होते. प्रत्यक्षात मात्र तीन-चार वर्षांच्या मुलाला घेऊन पार्कात शिरलेल्या कुटुंबाला हळूहळू कळू लागते, की ही दुनिया त्या मुलाच्या मापाने बांधलेलीच नाही. सहलीचा बेत आखताना सर्वांत आधी विचारात घ्यावी अशी गोष्ट हीच आहे आणि नेमकी तीच सर्वांत शेवटी लक्षात येते.

उंचीचा हिशेब

थीम पार्कात वयाला फारसा अर्थ नसतो, अर्थ असतो तो उंचीला. डिस्नेच्या पार्कांतील अनेक वेगवान राइडसाठी किमान १०२ सेंटिमीटर उंची लागते. फ्लोरिडातील ‘स्पेस माउंटन’साठी ती ११२ सेंटिमीटर आहे, तर तिथल्याच युनिव्हर्सलच्या ‘हल्क’ रोलर कोस्टरसाठी १३७. आता जागतिक आरोग्य संघटनेचे वाढीचे तक्ते पाहावेत. तीन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाची मध्यम उंची सुमारे ९६ सेंटिमीटर, मुलीची ९५. चार वर्षांच्या वयात ती १०३च्या आसपास येते आणि पाच वर्षांच्या वयात ११०पर्यंत पोहोचते. म्हणजे चौथा वाढदिवस होईपर्यंत सर्वसाधारण मुलाला यांतील पहिलीच पायरी बंद असते आणि १३७ सेंटिमीटरची पायरी चढायला त्याला दहावे वर्ष उजाडावे लागते.

तिकिटाची रचना याच्या अगदी उलट आहे. फ्लोरिडातील डिस्ने पार्कांत तीन वर्षांखालील मुलाला प्रवेश विनामूल्य असतो. तिसरा वाढदिवस झाला, की मात्र त्याचे तिकीट लागते आणि ते मोठ्यांच्या तिकिटापेक्षा किंचितच स्वस्त असते. दहाव्या वर्षापासून तर मूल प्रौढच गणले जाते. तीन ते चार या वर्षभराच्या काळात कुटुंब जवळजवळ पूर्ण किंमत मोजते आणि मुलाच्या वाट्याला पार्काचा मोजकाच भाग येतो. सहल एक वर्ष अलीकडे किंवा दीड-दोन वर्षे पलीकडे नेली, तर हाच हिशेब बराच बदलतो. टोकियोत ही सीमारेषा चार वर्षांवर आहे. परदेशी सहलीच्या खर्चात विमानाचे तिकीटही हेच सांगते. दोन वर्षांखालील मूल मांडीवर बसून अल्प भाड्यात जाते, त्यानंतर त्याला स्वतःचे आसन घ्यावे लागते.

भारतातील अनेक पार्कांत तिकीटच उंचीवर ठरते. त्यामुळे प्रवेशद्वारापाशी एक गमतीशीर दृश्य दिसते. खिडकीजवळच्या मोजपट्टीसमोर ‘जरा वाकून उभा राहा’ म्हणणारे पालक तासाभराने राइडच्या रांगेत त्याच मुलाला ‘टाचा उंच कर’ म्हणून सांगत असतात. यातील पहिली युक्ती थोडे पैसे वाचवते, दुसरी जिवावर बेतू शकते. उंचीची अट ही कंपनीची आडमुठी शिस्त नाही. राइडमधील दांडा किंवा पट्टा विशिष्ट आकारमानाच्या शरीराला घट्ट धरून ठेवण्यासाठी बनवलेला असतो. शरीर त्याहून लहान असेल तर झटका बसताच ते दांड्याखालून निसटू शकते. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मानेचे स्नायू कोवळे असतात. त्यामुळे मोठ्यांना गंमत वाटणारा हिसका त्याला सोसवतोच असे नाही. चार सेंटिमीटरसाठी कर्मचाऱ्याशी हुज्जत घालणाऱ्यांनी एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

मे महिना आणि मुलाचे घड्याळ

दुसरा प्रश्न वेळेचा. महाराष्ट्रातील कुटुंबांच्या सहली शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेल्या असतात. मे महिना, दिवाळी आणि नाताळ. पार्कांनाही याच आठवड्यांवर वर्षाचा मोठा भार पेलायचा असतो, कारण यंत्रांची देखभाल, वीज आणि पगार यांचा खर्च गर्दी असो वा नसो, सुरूच राहतो. गोराईच्या खाडीपलीकडे १९८९ साली एस्सेल वर्ल्ड सुरू झाले आणि एका पिढीला थीम पार्क हा शब्द ठाऊक झाला. खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका उभे राहिले, त्याच्या कर्जाचे ओझे वाढत गेले आणि २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आले. त्यात करांची भर पडली. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा थीम पार्कांच्या प्रवेशावर तो तब्बल २८ टक्के होता. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणला गेला. एवढा स्थिर खर्च भरून काढायचा तर सुटीच्या दिवसांत दर चढे राहणार आणि रांगा लांबणार, हे ओघानेच आले.

परंतु ज्या मुलासाठी ही सहल आहे, ते अद्याप शाळेतच जात नसेल तर मे महिन्याची सक्ती कशासाठी? नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील एखादा मंगळवार-बुधवार त्याच्यासाठी कितीतरी सुखाचा असतो. मे महिन्यात कोकणपट्टी आणि घाटपायथा दमट उष्म्याने भाजून निघतो. लहान मुलाच्या शरीरातील पाणी मोठ्यांपेक्षा लवकर कमी होते आणि खेळण्याच्या नादात ते पाणी मागतही नाही. चिडचिड, सुस्ती, कोरडे ओठ आणि बराच वेळ लघवी न होणे या खुणा दिसल्या, की राइड बाजूला ठेवून सावली आणि जलसंजीवनी शोधायला हवी. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास अनेक पार्कांत मनाई असते, मात्र तान्ह्या आणि लहान मुलांच्या आहारापुरती सवलत मिळते का, हे तिकीट काढण्यापूर्वीच विचारून घ्यावे. थोरले भावंड शाळकरी असेल तर मात्र सुटीवाचून पर्याय नसतो. अशा वेळी दार उघडताच आत शिरणे, पहिल्या दोन तासांत धाकट्याच्या राइड उरकणे, दुपारी त्याला थंड जागी झोपू देणे आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर पडणे हा क्रम शहाणपणाचा.

यात एक मानसिक बाजूही आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलाला पडद्यावरचा लाडका प्राणी माणसाएवढा होऊन समोर आला, की आनंदाऐवजी रडू फुटते. अंधाऱ्या बोगद्यातून जाणारी गाडी, अचानक होणारा आवाज यांचेही तसेच. मूल घाबरले म्हणजे पैसे वाया गेले असे मानून त्याला पुन्हा पुन्हा पुढे ढकलणे हा त्या वयावर अन्याय होय. तीन-साडेतीन वर्षांपूर्वीच्या घटना मोठेपणी बहुधा कुणालाच आठवत नाहीत, हे मानसशास्त्राने केव्हाच दाखवून दिले आहे. म्हणून सहल व्यर्थ ठरत नाही. त्या दिवसाचा आनंद त्या दिवशी खराच असतो. पण ‘जन्मभराची आठवण’ या नावाखाली जो अवाढव्य खर्च केला जातो, ती आठवण मुख्यतः आई-वडिलांची असते, एवढे मान्य केले तर मुलावरचे दडपण नक्कीच उतरेल.

रांगेतली विषमता

थीम पार्क हे एकेकाळी समतेचे ठिकाण वाटे. तिकीट काढले की रांग सर्वांना सारखीच. डिस्नेने १९९९ मध्ये ‘फास्टपास’ आणला तेव्हा तोही विनामूल्य होता. ठरावीक वेळेची चिठ्ठी घ्यायची आणि त्या वेळेला यायचे. २०२१ मध्ये अमेरिकेतील पार्कांत त्याची जागा पैसे मोजून घ्यायच्या सोयीने घेतली. जास्त पैसे देणारा पुढे आणि न देणारा उन्हात मागे, ही रीत आपल्याकडील पार्कांतही रुजली आहे. रांगेत तासभर उभे राहण्याची क्षमता सर्वांत कमी कुणाची, तर लहान मुलाची. त्यामुळे या सोयीचा सर्वांत हमखास ग्राहकही त्याचेच पालक.

मात्र धाकट्याच्या राइडपुढे बहुधा रांग छोटी असते आणि जिथे रांग मोठी तिथे त्याला प्रवेशच नसतो. तेव्हा जादा पैशांचा पास खरोखर कुणासाठी घेतला जातो, हे आधी ठरवावे. डिस्नेसारख्या पार्कांत आई राइडवर जाईपर्यंत वडील मुलाजवळ थांबतात आणि मग पुन्हा रांग न लावता वडिलांना सोडले जाते. आपल्याकडील पार्कांतही अशी सोय आहे का, हे विचारायला काहीच हरकत नाही. सर्व ग्राहकांनी विचारले, तर नसलेली सोयही सुरू होईल.

सुरक्षेची जबाबदारी कुणाची?

उंची, ऊन आणि रांग यांची काळजी पालक घेऊ शकतात. यंत्राचा नटबोल्ट आणि इमारतीचा दुसरा दरवाजा ते तपासू शकत नाहीत. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ पाळणा कोसळून दोघांचा बळी गेला. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची सहल घेऊन निघालेली नाव उलटली आणि १२ विद्यार्थ्यांसह दोन शिक्षिका बुडाल्या. त्याच वर्षी २५ मे रोजी राजकोटच्या गेमझोनला आग लागून २७ जण होरपळून मेले, त्यांत मुलेही होती. शाळांना सुटी होती, शनिवार होता आणि प्रवेशासाठी ९९ रुपयांची सवलत होती. त्या ठिकाणाला अग्निशमन दलाचे ना-हरकत प्रमाणपत्र नव्हते, हे दुर्घटनेनंतर उघड झाले. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेत ही मानवनिर्मित आपत्ती असल्याचे म्हटले.

राइडच्या सुरक्षेसाठी भारतीय मानक ब्यूरोची मानके आहेत. पण मानक कागदावर असणे आणि दर मोसमात स्वतंत्र तज्ज्ञाने येऊन यंत्र तपासणे यांत मोठी दरी आहे. परवाने पोलिस, महापालिका, जिल्हा प्रशासन आणि अग्निशमन दल यांच्यात विखुरलेले असतात आणि जबाबदारीही तशीच विखुरते. मोठ्या पार्कांपेक्षा अधिक धोका असतो तो मॉलमधील गेमझोनमध्ये आणि जत्रेतील आकाशपाळण्यांत, जिथे कमी पैशांत अधिक मुले जातात. राइडची शेवटची तपासणी कधी आणि कुणी केली, हे तिकीट खिडकीवर ठळकपणे लावण्याची सक्ती राज्य सरकारला करता येण्यासारखी आहे. लिफ्टच्या तपासणीची जशी नोंद ठेवली जाते, तशी पाळण्याची का नसावी?

बागा कुठे गेल्या?

या साऱ्या चर्चेत एक प्रश्न दुर्लक्षितच राहतो. तीन वर्षांच्या मुलाला हवे असते ते वाळू, पाणी, घसरगुंडी आणि हळू चालणारी छोटी आगगाडी. मुंबईच्या मलबार हिलवरील कमला नेहरू उद्यानातील म्हातारीचा बूट आणि पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली धावू लागलेली ‘फुलराणी’ यांनी कित्येक पिढ्यांचे बालपण अल्प खर्चात रमवले. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील ‘वनराणी’ची मे २०२१च्या तौक्ते चक्रीवादळात हानी झाली आणि ती दीर्घकाळ बंद राहिली. अशा सोयी महापालिका आणि शासनाच्या प्राधान्यक्रमात मागे पडतात, तेव्हा ती पोकळी महागडी पार्के भरून काढतात. बाग जवळ नाही म्हणून अबुधाबी गाठणारे कुटुंब जसे दिसते, तसे बागही नाही आणि अबुधाबीही नाही अशा वस्तीत वाढणारे मूलही आहे. त्याच्या सहलीचा बेत कुणी आखायचा?

थीम पार्कची सहल वाईट नाही. वर्षभर कामाच्या रगाड्यात अडकलेल्या आई-वडिलांनी एक संपूर्ण दिवस मुलासोबत घालवणे ही मोलाचीच गोष्ट आहे. फक्त बेत आखताना मोजपट्टी प्रथम घरी काढावी. मुलाची उंची, त्याच्या झोपेची वेळ, त्याला वाटणारी भीती आणि ऊन सोसण्याची त्याची ताकद यांची नोंद करावी आणि मगच तारीख ठरवावी. एकशे दोन सेंटिमीटरला अजून चार कमी असतील, तर पार्क वर्षभराने तिथेच असेल. तोवर जवळच्या बागेतली घसरगुंडी चालू स्थितीत आहे ना, हे महापालिकेला विचारण्याचे काम करता येईल.