बोगी चालेल, तळं नको!

आपल्या हॉस्टेलात 'गोल्फ' हा शब्द काढला की दोनच प्रतिक्रिया येतात. एक, "तो श्रीमंतांचा खेळ, आपल्याला काय करायचंय?" आणि दुसरी, "टीव्हीवर लागला की झोप छान लागते." दोन्ही बऱ्यापैकी खऱ्या आहेत. तरीही या पानांवर मी गोल्फबद्दलच लिहिणार आहे. कारण माझं मत असं, की हौशी माणसासाठी हा अंगाचा खेळ कमी आणि निर्णयांचा जास्त. आणि निर्णय घेण्यात आपली जमात किती कच्ची आहे ते सबमिशनच्या आदल्या रात्री कॉरिडॉरमध्ये एक चक्कर मारली तरी कळतं.

आता मालवण तालुक्यातल्या पोराला गोल्फ कुठून माहीत? आमच्या तालुक्यात १८ होलचा कोर्स नाही. पण मुंबईला चाकरमानी सगळ्या घरांत असतात, तसे आमच्याही घरात आहेत. माझे काका मुंबईतल्या एका गोल्फ क्लबात २६ वर्षं कॅडी होते. (क्लबचं नाव लिहीत नाही. काकांनीच नको म्हणून सांगितलंय.) कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन चालणारा माणूस. २६ वर्षं दुसऱ्यांचे फटके बघितलेला हा गृहस्थ शिमग्याला आणि गणपतीला गावी आला की रात्री खळ्यात बसून एकेका साहेबाचा एकेक होल सांगायचा. आम्ही भुताच्या गोष्टी ऐकतात तसे ऐकत बसायचो.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. १८ होल, प्रत्येक होल ठरावीक फटक्यांत पुरा करायचा, त्या आकड्याला 'पार' म्हणतात. अख्ख्या कोर्सचं पार बहुधा ७२. एक फटका जास्त लागला तर बोगी, दोन जास्त तर डबल, तीन जास्त तर ट्रिपल. एक कमी लागला तर बर्डी. म्हणजे इथे कमी मार्कवाला पहिला येतो! (आपल्यातल्या काही जणांनी हा खेळ नक्की घ्यावा.)

प्रत्येक होलवर बोगी करणारा माणूस ९० वर संपवतो. हौशी खेळाडूला ९० म्हणजे फार मोठी गोष्ट, जन्मभर खेळून तिथे न पोचलेले कितीतरी आहेत. आणि गंमत बघा, त्या ९० साठी एकही चमकदार फटका लागत नाही. लागतं ते इतकंच, की कुठल्याही होलवर सात-आठ-नऊ व्हायला नको. काकांचं निरीक्षण असं की १०० च्या वर संपवणाऱ्या साहेबांच्या कार्डावर बरेच होल चांगलेच असायचे. शंभरी भरायची ती तीन-चार होलवर, आणि त्यातल्या निम्म्या ठिकाणी चूक हाताची नसून डोक्याची असायची. काकांच्या शब्दांत, "हे लोक काठयेन नाय खेळणत, अब्रूनं खेळतत."

आता थोडं गणित. प्रॉबॅबिलिटी आपण सगळेच शिकतो, पेपर देतो आणि विसरतो. ती इथे कामाला येते.

समजा पार चारचा होल आहे. पहिला फटका झाला. आता ग्रीन १५० मीटरवर आणि ग्रीनच्या पुढ्यात तळं. तुमच्यापुढे दोन रस्ते. एक, तळ्यावरून मारायचं. जमलं तर तो एक फटका आणि पुढे सरासरी २.४, म्हणजे ३.४ मध्ये होल पुरा. नाही जमलं तर बॉल पाण्यात, एक फटका दंड, आणि तळ्याच्या अलीकडून पुन्हा सुरुवात. तिथून समजा सरासरी ३.४ लागतात, म्हणजे एकूण ५.४. दुसरा रस्ता, तळ्याच्या अलीकडे मुद्दाम थांबायचं. एक फटका, मग ३.४. एकूण ४.४. (आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, तुम्ही आपले घाला. अलीकडे थांबणारा फटका पाण्यात जात नाही हेही धरलंय.)

तुम्ही दहातून चार वेळाच तळं ओलांडू शकत असाल तर सरासरी येते ४.६. म्हणजे हिरोगिरीचा भाव ०.२ फटका. दहातून पाच वेळा ओलांडत असाल तर दोन्ही रस्ते सारखेच. इथवर सगळे मान हलवतात. पण दहातून सात वेळा जमत असेल तर काय? सरासरी ४.०! म्हणजे सात वेळा जमणारा माणूस "आपण सांभाळून खेळू" म्हणून अलीकडे थांबला, तर तो दर खेपेला ०.४ फटका फुकट घालवतो. चार वेळा जमणाऱ्या वेड्या धाडशापेक्षा हा शहाणा जास्त नुकसान करून घेतो.

म्हणून 'स्मार्ट खेळ' म्हणजे 'भित्रा खेळ' असं जे कोणी सांगेल त्याचं ऐकू नये. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले मार्क ब्रॉडी हे मूळचे फायनान्सचे प्राध्यापक. त्यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या लाखो फटक्यांच्या नोंदी तपासल्या आणि २०१४ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्याआधी २०११ पासून अमेरिकेच्या पीजीए टूरने त्यांच्या पद्धतीने पटिंगची आकडेवारी द्यायला सुरुवात केली होती. तोवर सगळी दुनिया म्हणायची की लांबचा फटका लोकांना दाखवायला, पैसा मिळतो तो पटिंगमध्ये. ब्रॉडींच्या हिशेबात निघालं भलतंच. अव्वल खेळाडू बाकीच्यांवर जी आघाडी घेतात तिच्यातला सुमारे दोन-तृतीयांश भाग लांबच्या फटक्यांतून येतो, पटिंगचा वाटा जेमतेम १५ टक्के. आठ फुटांवरून जगातले हे सर्वोत्तम लोकसुद्धा निम्म्याच वेळा बॉल आत घालतात. म्हणजे रविवारी खेळणारे आपले साहेब आठ फुटांचा पट चुकल्यावर काठी आपटतात, ते उगाचच! त्याऐवजी तीस फुटांवरून पहिला पट होलजवळ नेऊन ठेवायची सवय केली तर तीन-तीन पट लागणं कमी होईल.

तर मग तळ्याचा प्रश्न सोडवायला काय लागतं? आपला खरा आकडा. आणि नेमका तोच कोणाकडे नसतो. विचारा कुणालाही, "सेव्हन आयर्नने किती जातो?" तो आयुष्यातला सर्वात चांगला फटका सांगेल. काका म्हणायचे, साहेब १४० सांगायचे तेव्हा मी मनात १२५ धरायचो आणि बॅगेतून एक नंबर मोठी काठी अर्धी वर काढून ठेवायचो. दहा बॉल मारा, अंतरं लिहा, वरून दोन खोडा, मग मधला आकडा घ्या. लॅबमध्ये आपण रीडिंग घेतो तसंच. (आधी ग्राफ काढून मग रीडिंग भरणाऱ्यांविषयी मी बोलत नाही.)

दुसरी गोष्ट दिशेची. तुमचा फटका म्हणजे रायफलची गोळी नाही. १५० मीटरवर हौशी माणसाचे दहा बॉल जिथे पडतात तिथे एक भलंमोठं लांबट वर्तुळ होतं. झेंड्याची काठी बंकरच्या कडेला रोवलेली असेल आणि तुम्ही काठीवर नेम धरलात, तर अर्धं वर्तुळ बंकरमध्ये. ग्रीनच्या मध्यावर नेम धरलात तर बहुतेक बॉल ग्रीनवर किंवा जवळच्या गवतात. ज्याने काठी तिथे रोवली त्याला तुम्ही काठीवर मारावं हेच हवं असतं! आमच्या काकांचं सूत्र होतं, "बॉल खंय जावक व्हयो तां मगे बघ, खंय जावक नको तां आधी ठरव."

हे वाक्य ऐकलं की मला मालवणचा धक्का आठवतो. १६६४ साली ज्याचं बांधकाम सुरू झालं तो सिंधुदुर्ग किल्ला धक्क्यावरून अगदी समोर दिसतो. पर्यटक विचारतात, "अहो, सरळ का नाही नेत?" नाही नेत, कारण पाण्याखाली खडक आहेत. ओहोटीला त्यातले काही डोकं वर काढतात, बाकीचे होडीवाल्याच्या डोक्यात असतात. तो खडकांचा नकाशा मनात ठेवून वाट काढतो आणि वेळ लागतो तेवढा लागू देतो. त्याला भित्रा म्हणायची हिंमत आहे कुणाची?

उलट बाजूचं उदाहरण हवं असेल तर १९९९ ची ब्रिटिश ओपन, स्कॉटलंडमधलं कार्नूस्टी. फ्रान्सचा ज्याँ व्हान द वेल्डे शेवटच्या होलवर आला तेव्हा तीन फटक्यांनी पुढे होता. पार चार, त्याला सहा चालणार होते. डबल बोगी करूनही विजेता! पठ्ठ्याने ड्रायव्हर काढला. बॉल भलत्याच बाजूला गेला, पण नशिबाने वाचला. दुसरा फटका टू-आयर्नने थेट ग्रीनकडे, तो प्रेक्षकांच्या स्टँडवर आपटून मागे गवतात. तिसरा ओढ्यात. मग साहेब बूट-मोजे काढून, पँट वर करून त्या ओढ्यात उतरले, पाण्यातूनच मारता येतंय का बघायला! शेवटी दंड घेतला, पुढचा बंकरमध्ये, आणि कसेबसे सात. प्ले-ऑफ झाला आणि पॉल लॉरी जिंकला. व्हान द वेल्डेच्या दिलदारपणाचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. माझं मत कडक आहे. जगातला उत्तम खेळाडू 'सहा चालतील' हे शेवटच्या होलवर विसरतो, याला मी रोमँटिक वगैरे म्हणणार नाही.

त्यापेक्षा मला आपली अदिती अशोक आवडते. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ती लांब मारणाऱ्यांत कुठेच नव्हती. बरोबरीच्या मुली तिच्या कितीतरी पुढे बॉल नेत होत्या. तिने त्यांच्याशी लांबीची शर्यत लावली नाही, आपल्या अंतरावरून आपला खेळ केला, अफाट पटिंग केलं आणि चौथी आली. पदक एका फटक्याने हुकलं. त्या स्पर्धांत पुण्याचा उदयन माने आणि पुण्यातच जन्मलेला अनिर्बान लाहिरीही खेळले होते. किती मराठी घरांनी हे बघितलं?

आता 'श्रीमंतांचा खेळ' या मुद्द्यावर येतो. पैसा श्रीमंतांचा, हे खरं. पण कोर्सची अक्कल कोणाची? कुठल्या ग्रीनचा उतार कुठे, दुपारी वारा कुठून फिरतो, कुठल्या बंकरमधून बाहेर येणं मुश्कील, हे सगळं बॅग वाहणाऱ्याच्या डोक्यात. साहेब दहा वर्षांनी ट्रॉफी घेऊन फोटो काढतो, त्यात कॅडी नसतो. काकांनी सल्ला दिला तर साहेब ऐकायचे की नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "इचारल्यार सांगायचो. नाय इचारल्यार बॉल शोधूक जायचो." २६ वर्षांत त्यांना स्वतःच्या नावाचं स्कोअरकार्ड मिळालं नाही. मला या खेळाबद्दल राग येतो तो इथे.

आणि एक सांगून टाकतो, कारण पर्यटनाच्या गप्पांत कोणीतरी हा विषय काढतोच: आमच्या सड्यावर हिरवागार गोल्फ कोर्स कोणी आणू नये. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात तिथे गवताला पाणी कुठून देणार? आणि कुडोपीसारख्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. खेळायचं तर सडा आहे तसा घ्यावा. कातळावर बॉल कुठेही उडतो, पश्चिमेचा वारा त्याला आणखी उडवतो, आणि निर्णयाची परीक्षा फुकटात होते.

जिमखान्याकडे माझी मागणी त्यामुळे फार नाही. दोन जुन्या सेव्हन आयर्न, एक पटर, बारा बॉल आणि एक मोजपट्टी. तीन होल आम्ही चुन्याने आखून घेऊ. स्टाफपैकी कोणी आले तर त्यांचंही कार्ड भरू, मार्क कापले तरी चालतील. नियम मात्र एकच: बॉल करवंदीच्या जाळीत गेला तर शोधायला फर्स्ट इयरला पाठवायचं नाही. ज्याने मारला त्यानेच जायचं.