योगदंड गृहस्थाच्या हाती नसतो

सुटीच्या दिवशी घरी बसून पत्नीकडे किती वेळ पाहत राहणार, अशा आशयाचा प्रश्न करीत लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी आठवड्याला ९० तास कामाचा पुरस्कार केल्याचे जानेवारी २०२५मध्ये उघड झाले. देशभर त्याचे विनोद झाले. वस्तुतः हा हसण्यावारी नेण्याचा विषय नव्हता. पती-पत्नीचा सहवास म्हणजे उत्पादनातून गळालेला वेळ, ही त्यामागची धारणा आहे. आणि राष्ट्रउभारणीचे नाव घेऊन ती मांडली जाते म्हणून अधिक घातक आहे.

कष्टांचे धडे सोलापूरला कोणी देण्याची आवश्यकता नाही. या नगरीचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांनी बाराव्या शतकात लोकांना सोबत घेऊन तलाव खोदला. त्यांच्यावर अनुरक्त झालेल्या कुंभारकन्येने विवाहाची इच्छा प्रकट केली, तेव्हा आपण शिवाला वाहिलेले आहोत हे सांगून त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली, अशी कथा आहे. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत संमती कट्ट्यावर त्याच विवाहाच्या अक्षता आजही पडतात. त्या योग्याने तिच्या प्रेमाची टवाळी केली नाही, तिला खोटे वचनही दिले नाही. ज्याने सर्व आयुष्य कार्याला दिले, त्याने संसार मांडू नये. मांडलाच, तर आपल्या जागी दंड पाठवून चालत नाही. प्रचारक अविवाहित राहतात, त्यामागे हाच विवेक आहे. आजच्या कंपन्यांना मात्र माणसाकडून प्रचारकाचे चोवीस तास हवेत आणि त्याच्या मानेवर गृहस्थाचे कर्जही हवे. कारण हप्ते भरणारा माणूस नकार देत नाही.

पद्मशाली विणकराच्या घरी माग घरातच असे. तो विणत असे, ती कांड्या भरत असे. दारिद्र्य होते, पण कामाने त्यांना परस्परांपासून तोडले नव्हते. १८७७मध्ये उभ्या राहिलेल्या जुन्या गिरणीने माणसाला घराबाहेर नेले खरे. तथापि तिच्या भोंग्याने पाळी सुरू होई, तशी संपतही असे. खिशातल्या भ्रमणध्वनीला पाळी संपल्याचा भोंगाच नाही.

आता तर कामच अडीचशे किलोमीटर दूर गेले आहे. विवाह ठरलेली मुलगी सोलापुरात, मुलगा हिंजवडीत. किंवा विवाहानंतर दोघेही पुण्यात, एकाची दिवसपाळी आणि दुसऱ्याची अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे रात्रपाळी. एका छपराखाली राहून ती दोघे केवळ निरोपांवर संसार करतात. मग कुरबुरी वाढल्या की ज्येष्ठ मंडळी ‘सुनेला नोकरीचे वेड’ असे निदान करून मोकळी होतात. हे निदान अन्यायाचे आहे. तिच्या पगारावर घराचा हप्ता जातो, तेव्हा ते वेड कोणाला खटकत नाही! मुलगा अकरा वाजता घरी येतो, तेव्हा तो कर्तबगार ठरतो.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५मध्ये मुंबईतील व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडले. त्यात अर्थ आणि काम हे दोन्ही पुरुषार्थ धर्माच्या मर्यादेत आहेत. तरुणांना कामाविषयी संयमाचा उपदेश करण्यास समाजातील धुरीण सदैव तत्पर असतात. अर्थाच्या अमर्याद भुकेविषयी मात्र त्यांचा कंठ दाटून येतो. दांपत्यप्रेम हा चैनीचा प्रकार नव्हे. अन्य तिन्ही आश्रमांचा भार वाहणारा गृहस्थाश्रम त्यावर उभा आहे.

सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असे समर्थन केले जाते. यंत्रमागाच्या शेडमध्ये कागदावरील हिशेब कोण तपासतो, हे सोलापूरकरांना सांगावयास नको. सरकार विचारांचे आहे म्हणून या प्रश्नावर मौन पाळण्याचे कारण नाही.

पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधनाचा समावेश आहे. त्याच्या बैठकांना माता-भगिनी येतात, सेवानिवृत्त येतात. चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील उद्योजकही व्यासपीठावर असतात, आणि त्यांच्या भाषणांना टाळ्या पडतात. त्यांच्यापैकी किती जणांनी रात्री आठनंतर कामगाराला दूरध्वनी करणार नाही, असे व्यासपीठावरून जाहीर केले?