पंचवीस टक्क्यांची सोडत आणि आपली हुशार मुलं

राज्य सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत एक बदल केला. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवण्याची गरज नाही, असा तो बदल. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो रद्दच केला. आपल्या वस्त्यांमध्ये या निकालाचं स्वागत झालं आणि ते योग्यच होतं. कायद्याने दिलेला हक्क नियमाच्या मागच्या दाराने काढून घेता येत नाही, हे न्यायालयाने ठणकावून सांगितलं.

पण या लढाईतून आपल्या तरुण कार्यकर्त्यांमध्ये एक समज पक्का होताना दिसतो. पोरगं हुशार आहे ना, मग त्याला काढा जिल्हा परिषदेच्या शाळेतून आणि घाला इंग्रजी खासगी शाळेत. सोडतीत नंबर लागला तर उत्तम, नाही लागला तर कर्ज काढून. हा समज तपासून पाहायला हवा. त्याची किंमत नेमकी आपली हुशार मुलंच मोजतात.

पंचवीस टक्क्यांची तरतूद हुशार मुलांसाठी नाही, हे आधी लक्षात घ्या. प्रवेश सोडतीने होतो, परीक्षेने नाही. ते तसंच असायला हवं. सहा वर्षांच्या लेकराची कसली गुणवत्ता मोजणार? शिवाय अल्पसंख्याक दर्जा असलेल्या शाळांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालापासून हा कायदाच लागू नाही, आणि मोठ्या शहरांतल्या कितीतरी नावाजलेल्या शाळा त्याच गटात मोडतात. पण सगळ्यात मोठी अडचण आठवीनंतर येते. कायद्याचं संरक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीला शाळा पूर्ण फी मागते. दहावीच्या तोंडावर, अभ्यास खऱ्या अर्थाने जड होतो तेव्हा, बापाने तीस-चाळीस हजार कुठून आणायचे?

याच टप्प्यावर सरकारी शाळेतल्या हुशार मुलासाठी एक दार उघडतं. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे एनएमएमएस. आठवीत परीक्षा, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये. कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. ही परीक्षा फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच देता येते. खासगी विनाअनुदानित शाळेतलं मूल कितीही गरीब असो, पंचवीस टक्क्यांतून गेलेलं असो, ते अपात्र. म्हणजे आठवीला एक सवलत संपते आणि दुसरी मिळत नाही. प्रवेशाचा फॉर्म भरून देणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी पालकांना हे पहिलीच्या वेळीच सांगायला नको का?

नवोदयचंही तेच. नवोदय विद्यालय ही हुशार ग्रामीण मुलांसाठी सरकारने काढलेली सगळ्यात भक्कम व्यवस्था आहे. १९८५-८६ मध्ये देशातली पहिली दोन नवोदय सुरू झाली, त्यातलं एक आपल्या अमरावतीत. सहावी ते बारावी राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश, सगळं सरकारचं. एका विद्यालयात सहावीला साधारण ८० जागा असतात, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी. अनुसूचित जातींना जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात आरक्षण, आणि ते राष्ट्रीय प्रमाणापेक्षा कमी होऊ शकत नाही. पण ग्रामीण कोट्याची अट अशी की तिसरी, चौथी आणि पाचवी या तिन्ही इयत्ता ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेतच झालेल्या असाव्यात. गावातलं हुशार मूल तिसरीत तालुक्याच्या शहरी हद्दीतल्या इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसलं, की हा कोटा गेला. व्हॅनचं भाडं आपण भरायचं आणि जागाही आपणच गमवायची.

खासगी शाळेत मूल जास्त शिकतं, हा विश्वास तरी किती खरा? आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी मोठा प्रयोग केला. सरकारी शाळेतल्या मुलांना चिठ्ठ्या टाकून खासगी शाळेची फी दिली आणि चार वर्षं मागोवा घेतला. तेलुगू आणि गणितात दोन्हीकडच्या मुलांत फरक पडला नाही. हिंदीत मात्र खासगी शाळेतली मुलं पुढे होती. खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता, हेही प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे. त्याचं मोठं कारण म्हणजे तिथल्या शिक्षकांचे तुटपुंजे पगार. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात सरकारी शाळेतल्या पाचवीच्या सुमारे ४५ टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता येतो. हा आकडा लाजिरवाणा आहे. पण खासगी शाळांतही तो ६० टक्क्यांच्या आसपासच आहे. टाय आणि बूट घातलेल्या दहातल्या चार मुलांनाही वाचता येत नाही, आणि हा फरकसुद्धा सगळा शाळेचा नाही, घरात शिकलेलं माणूस असण्याचाही आहे.

महागड्या खासगी शाळेत हुशार मूल चमकतं ते बहुतेकदा शाळा, शिकवणी आणि शिकलेले आईबाप या तिघांच्या बळावर. आपल्या घरात यातली पहिलीच गोष्ट कशीबशी विकत घेता येते. ज्या शाळेला उरलेल्या दोन गोष्टींची गरज कमी लागते, ती शाळा आपल्या मुलासाठी चांगली. नवोदय या कसोटीला उतरतं. सामाजिक न्याय विभागाच्या, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठीच्या निवासी शाळा उतरू शकतात, पण तिथे गणित-विज्ञानाचा शिक्षक पूर्ण वर्षभर आहे का, हे विचारायला आपली किती मंडळं जातात? जयंतीच्या मिरवणुकीची बैठक मात्र महिनाभर आधी होते.

बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलही सरकारीच. तिथे त्यांना संस्कृत शिकू दिलं नाही, फारशी घ्यावी लागली. सरकारी शाळा म्हणजे समता, असं तेव्हाही नव्हतं. पण दार सरकारी होतं म्हणून हक्काने ठोठावता आलं, आणि पुढे कॉलेजात सयाजीराव महाराजांची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून टिकता आलं. आज दहावीला ७५ टक्क्यांच्या वर गुण मिळवणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलाला अकरावी-बारावीसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने जी गुणवत्ता शिष्यवृत्ती मिळते, ती आहे महिना ३०० रुपये, वर्षातले दहा महिने. शहरात एका आठवड्याची खानावळही त्यात भागत नाही. ही रक्कम वाढवा, ही मागणी एकाही मोर्चाच्या फलकावर ठळक दिसत नाही.

आणि या साऱ्याची पहिली पायरी आहे वस्तीजवळची जिल्हा परिषदेची शाळा. मूल हुशार आहे हे पहिल्यांदा ओळखतो तो तिथला शिक्षक. शिष्यवृत्तीचा फॉर्म तोच भरतो, जादा तास तोच घेतो. अर्थात सगळेच घेत नाहीत. नवोदयसाठीही आता खासगी क्लास निघालेत, त्यामुळे जिथे असा शिक्षक नाही तिथलं मूल मागे पडतं. राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा १४ हजारांहून अधिक आहेत आणि २०२३ पासून ‘समूह शाळा’च्या नावाखाली त्या एकत्र करण्याची भाषा सुरू आहे. आपण हुशार मुलं काढून घेतो, पट घसरतो, मग शाळा बंद करायला सरकारला कारण मिळतं. उरलेली मुलं मग तीन-चार किलोमीटर चालतात, किंवा चालत नाहीत. मुली तर नाहीच.

पंचवीस टक्क्यांचा हक्क सोडायचा नाही. शहरात, जिथे नवोदय नाही आणि महापालिकेच्या शाळेत शिक्षक नाहीत, तिथे तो घ्यावाच. गावाकडे मात्र पाचवीपर्यंत मूल गावातच ठेवून नवोदयची, नंतर आठवीला एनएमएमएसची तयारी करून घेणं जास्त फायद्याचं. विहारात रविवारी दोन तास पुरतात. गणिताचं आणि बुद्धिमत्ता चाचणीचं पुस्तक आणि शिकवायला एक कॉलेजचा पोरगा किंवा पोरगी.

एक काम मात्र चौथीतच करून घ्यावं लागतं. नवोदयला राखीव जागेसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचे हक्क आहेत, पण अनेक घरांत राज्याच्या नमुन्यातला दाखलाच असतो आणि निवड झाल्यावर धावपळ सुरू होते. तहसील कार्यालयात त्यासाठी किती चकरा होतात, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको.