हँडल सैल, पण दोष कोठे?

हीरो होंडाची सीडी १००ही गाडी १९८५ साली आली, १९९४ साली स्प्लेंडर आली. त्या पिढीतील कित्येक गाड्या आजही तालुक्याच्या गावांतून धावताना दिसतात. वडिलांची गाडी कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या हाती येते. इंजिनाची निगा राखलेली असते. गाडीच्या मानेकडे मात्र वर्षानुवर्षे कोणी पाहिलेले नसते. मग एके दिवशी पुढचा ब्रेक दाबताच हँडलात ‘खट्’ असा आवाज होतो आणि खड्ड्यातून जाताना हँडल हातात थरथरते.

बहुतेक जण अशा वेळी पाना घेऊन हँडलवरचे चार बोल्ट आवळतात. ते खरोखरच सैल असतील तर प्रश्न तेथेच मिटतो. पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल हलविले असता नुसते हँडलच वरखाली फिरत असेल, तर दोष त्या पकडीत असतो. काही गाड्यांत पकडीखाली रबरी बुश असतात. ते कुजले तरी हँडल डुलते.

हँडल पकडीत घट्ट असूनही आवाज येत असेल, तर गाडी मेन स्टँडवर लावावी आणि पुढचे चाक अधांतरी राहील असे कोणाला तरी मागून दाबून धरायला सांगावे. पुढे बसून दोन्ही शॉकअपची खालची टोके धरावीत आणि मागेपुढे हलवावीत. दुसऱ्याने चौकटीच्या मानेच्या खालच्या फटीवर बोट टेकवावे. हालचाल बोटाला जाणवली तर कोनसेट, म्हणजे मानेतील वाट्या व छर्रे, सैल झाला आहे. मान स्थिर राहून शॉकअपचा खालचा भागच वरच्या नळीवर खेळत असेल, तर झीज शॉकअपमध्ये आहे. चाक हाताने डावीउजवीकडे हलविताच खेळत असेल, तर चाकाचे बेअरिंग अथवा आस तपासावा. तिन्ही दोषांत हातांना जाणवणारा धक्का जवळजवळ सारखाच असतो, म्हणून अंदाजाने आवळणे व्यर्थ ठरते.

चाक अधांतरी असतानाच हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवावे. मध्यावर ते खाचेत अडकल्यासारखे थबकत असेल, तर दुखणे जुने आहे. गाडी बहुतांश वेळ सरळच धावते. त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा मार छर्रे त्याच जागी झेलतात आणि वाट्यांवर बारीक खळगे पडतात. हे खळगे आवळून जात नाहीत. उलट, घट्ट आवळलेले हँडल मध्यावर चिकटते, गाडी हळू वेगात झोकांड्या खाते आणि चालकाला दिशा सावरता येत नाही. सैलपणापेक्षा हा ‘इलाज’ अधिक घातक. छिन्नी-हातोडीने मानेची चकती फिरविणारे कारागीर अजूनही भेटतात. चकतीवरचे घावच गाडीचा पूर्वेतिहास सांगतात.

खळगे पडले असतील तर वाट्या, कोन व छर्रे एकत्रच बदलावेत आणि भरपूर ग्रीस द्यावे. चकती इतकीच आवळावी की खेळ राहू नये, पण अधांतरी चाक बोटाच्या हलक्या धक्क्याने स्वतःच्या भारानेच एका बाजूला वळावे. नव्या वाट्या जागेवर बसल्या की थोडी ढिलाई पुन्हा येते. म्हणून पंधरवड्याने हीच तपासणी पुन्हा करावी. दुरुस्ती होईपर्यंत त्या गाडीच्या मागच्या आसनावर कोणालाही बसवू नये.