दस्तक आणि चाचेगिरी

चाकणजवळच्या काळूस गावाशी ज्यांच्या घराण्याचे मूळ जोडले जाते, त्या कान्होजी आंग्रे यांच्यावर इंग्रजांनी चाचेगिरीचा शिक्का मारला. वस्तुतः कान्होजी मराठी राज्याचे सरखेल होते; त्यांचे दस्तक न घेता जाणारी गलबते ते अडवीत. पोर्तुगीजही ‘कार्ताझ’ नावाचा असाच परवाना सक्तीने घ्यावयास लावीत. त्यांनी केला तो अंमल आणि आंग्र्यांनी केली ती लूट, हा कोठला न्याय? १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांची कुलाब्यावरील संयुक्त स्वारी फसली. पराभूताचे दूषण म्हणजे इतिहासाचा निकाल नव्हे. पिंपरी-चिंचवडच्या वर्गांतून कान्होजी शिकविताना ‘चाचा’ हा शब्द कोणी व का वापरला, हे आधी सांगितले पाहिजे.